मार्करची माती

लष्करी कॅम्पातल्या क्लबात गोऱ्या साहेब लोकांशी टेनिस खेळायला एक पगारी खेळाडू होता. सगळे त्याला मार्कर म्हणत. नाव मी कधी ऐकलंच नाही. कचेरी सुटल्यावर अनगोळला घरी परतताना मी कुंपणापाशी रेंगाळे.

तो निपाणीकडचा, एका इनामदाराच्या कोर्टावर तयार झालेला. तिथं काळी माती, वर शेणाचं सारवण. चेंडू सावकाश उठायचा. इथल्या तांबड्या मुरमावर तो सपकन निघून जाई. सुरुवातीला हा चेंडूची वाट बघत उभा राही आणि साहेब खूश होत. मग तो अनवाणी पाय घसरवत चेंडू गाठायला शिकला. पण जिंकायची त्याला मुभा नव्हती. खेळ कसला, चाकरीच ती! खेळून झालं की साहेब आपसात हसत निघून जात. त्याच्याशी दोन शब्द बोलायची रीत नव्हती.

मध्ये काही दिवस तो दिसला नाही. तो परतल्यावर मी विचारलं, "गावाकडं गेलतासा व्हय?"

"गेलतो की, अण्णा. जुन्या गड्यांसंगं खेळलो." टाचेनं माती दाबत तो म्हणाला, "चेंडू उठायच्या आधीच माझा हात फिरतोय. समदी हसली."

पुढे एकदा सगळे साहेब शिकारीला गेले होते. संध्याकाळी मार्कर एकटाच कोर्टावर पाणी शिंपत होता. मातीत बुटाचा एकही ठसा नव्हता. जाळीच्या अलीकडे त्याच्या अनवाणी पावलांच्या घसरलेल्या लांब रेघा होत्या.

पलीकडेही त्याच्याच होत्या.