परद्यातला अंगठा

आमच्या घरी ‘वकील’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक कोर्टातला, काळ्या कोटाचा. दुसरा निकाहच्या दिवशी दोन साक्षीदारांसह नवरीच्या खोलीत येणारा, तिचा होकार घेऊन बाहेर जाणारा. दोघेही बाईच्या वतीने बोलतात.

उदगीरजवळच्या आमच्या गावात अब्बांनी अम्माला मेहर म्हणून विहिरीलगतचे रान लिहून दिले होते. निकाहात बाईचा जो हक्क ठरतो, तो तिला मातीच्या रूपात मिळाला होता. अब्बा गेले, आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीच्या तळाशी उरलेल्या चिखलाला गंजलेल्या लोखंडाचा वास येई. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी शिजे. ती कुठल्या देशातून आली हे आम्हांला ठाऊक नव्हते. तिला आमच्या ज्वारीसारखा गोड वास येत नसे, एवढेच कळे.

तोवर कधी उंबरठा न ओलांडलेली अम्मा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली, बुरखा घालूनच. मी आठ वर्षांची होते. तिच्या शेजारी बसून दगड पुढे सरकवत असे. संध्याकाळपर्यंत काळे कापड धुळीने पांढरे होई. बौद्धवाड्यातली एक मावशी आमच्याच ढिगावर बसे. तिने अम्माला हातोडी धरायला शिकवले, बोटांना चिंध्या बांधून दिल्या.

“वैनी, बुरखा पार पांढरा झाला की गं,” ती म्हणायची. “आमच्यातल्या नवरीवानी दिसायलीस. आता वरात काढू का?”

“आधी ढीग संपव,” अम्मा बुरख्याआडून म्हणे. दोघी हसत, आणि हसताना तोंडात धूळ जाई.

घरी मात्र परदा सुटला नव्हता. चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, आले की अम्मा गोणपाटाच्या पडद्याआड उभी राही. एकदा ते एक कागद घेऊन आले. “भाभी, कामाच्या हजेरीचा कागद आहे. अंगठा द्या.” दर आठवड्याला हजेरीपटावर अंगठा द्यायची तिला सवय झाली होती. पडद्याच्या फटीतून तिचा हात तेवढा बाहेर आला. चाचांनी खाली मान घालून, अदबीने, तो शाईवर टेकवला. जांभळ्या शाईचा तो आंबूस वास दोन दिवस भाकरीला येत राहिला.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात जाऊ लागले होते. जुन्या जिल्ह्यातली दफ्तरे नव्या कचेरीत आली होती. अब्बांच्या मागे रान चाचाच कसत होते; फीच्या सवलतीसाठी मी त्याचा सातबारा काढायला गेले. कागदावर अम्माचे नाव नव्हते. तिने ते रान राजीखुशीने दिरास सोडून दिले, अशी दुष्काळाच्या सालची नोंद होती.

अम्मा दावा लावायला उठली. आमचे वकील वयस्कर होते, निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचू शकणारे. त्यांनी एक शब्द टेबलावर ठेवला: परदानशीन. “परद्यातल्या बाईचा अंगठा असेल, तर कागद तिला वाचून समजावला होता हे समोरच्याने सिद्ध करायचं. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, बीबी. तेवढंच म्हणा. खडीचं काढू नका.”

मला त्या वेळी तो शब्द छत्रीसारखा वाटला. पुढे कळले की ती छत्री ज्यांच्या घरात धान्य आहे त्यांच्याच मापाने बेतलेली आहे. दूरदेशी बसलेल्या साहेबांनी आमच्या बायका पाहिल्या नव्हत्या. त्यांनी हवेल्यांच्या बंद खिडक्यांबद्दल ऐकले, आणि त्यालाच आमचा धर्म समजून पुस्तकात लिहिले. भुकेने उंबरठ्याबाहेर काढलेली बाई त्या पुस्तकात कुठेच नव्हती.

चाचांच्या वकिलाने कोर्टात हजेरीपट मांडला. पानापानावर अम्माचे जांभळे अंगठे.

“खडी फोडायला जात होता की नाही?”

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. अम्मा म्हणाली, “जात होते. खोटं बोलणार न्हाई. शंभर मानसांत बसत होते.”

“मग परदा कसला?”

“साहेब, तो कागद रस्त्यावर न्हाई आला. परद्याआड आला. रस्त्यावर आला असता, तर मावशीनं कुनाकडून तरी वाचून घेतला असता.”

कोर्टात कुणीतरी हसले. निकाल विरुद्ध गेला: रस्त्यावर मजुरी करणारी बाई परदानशीन मानता येत नाही. मोहल्ल्यात म्हणाले, चांगल्या घरची बाई रस्त्यावर बसलीच नसती. दोन्ही निकाल एकच होते.

परतीच्या एसटीत अम्मा खिडकीशी बसली होती. आमचे रान आले तेव्हा तिने नकाब वर केला, आणि ते मागे पडेपर्यंत पाहत राहिली.

माझ्या निकाहच्या दिवशी मामू, अम्माचे धाकटे भाऊ, माझे वकील म्हणून आले. मागे दोन साक्षीदार, हातात वही. अत्तर आणि ताज्या मेंदीचा वास खोलीत दाटला होता. मामूंनी पेन पुढे केले.

“आधी वाचून दाखवा,” अम्मा म्हणाली.

“आपा, आपलाच कागद आहे. बाहेर काझीसाहेब थांबलेत, बिर्याणी गार होतेय.”

“गार बिर्याणी खाता येते. वाचा.”

मामूंनी उर्दूत वाचले. मेहरची ओळ आली तेव्हा तिने हात वर केला. “हे पुन्हा. आणि आता मराठीत सांगा. पोरगी मराठीत शिकलीय.”

मामू अडखळत, घाम पुसत सांगत राहिले. बायका कुजबुजल्या; एक साक्षीदार घड्याळाकडे पाहू लागला. शेवटचा शब्द होईपर्यंत अम्मा हलली नाही. मग तिने मान डोलावली आणि मी सही केली.

तिने वहीकडे पाहिले नाही. तिला वाचता येत नव्हते. तिने माझा हात ओढून घेतला, अंगठा उलटा करून पाहिला. त्यावर मेंदी होती. शाई नव्हती.