काकूंचा झोपलेला क्लास

आमच्या ऑफिसातल्या काकू आयुष्यात कधी चुकल्या नव्हत्या. लग्नाचा वाढदिवस विसरल्या तेव्हाही नवऱ्यालाच म्हणाल्या, "तुम्ही आठवण करून द्यायला नको?" तो बिचारा माफी मागून मोकळा झाला.

रक्ततपासणीच्या बाटल्यांवर लेबलं छापणारा, जावा भाषेतला प्रोग्रॅम काकूंनी एकहाती लिहिला होता. त्याला त्या 'आमचं कार्टं' म्हणत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मग साहेबांनी नवा प्रोग्रॅमर आणला. तो रोज टाय लावून यायचा, म्हणून त्याचं नावच टाय पडलं. त्यानं नव्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, कार्टं चालवून पाहिलं, तर प्रिंटर सापडेना. काकूंच्या जुन्या कंपायलरवर मात्र लेबलं धडाधड निघत होती.

"माझ्याकडे चालतंय," काकू म्हणाल्या.

"माझ्याकडे नाही," टाय म्हणाला.

साहेब वैतागले. "ज्याची चूक निघेल, त्याला या प्रोग्रॅमला पुन्हा हात लावू देणार नाही!"

काकू जेवण सोडून शोधत बसल्या. प्रिंटर जोडणारा कोड एका क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र तुकड्यात होता आणि तो क्लास जागा झाला तरच चालायचा. काकूंनी त्याला काम असं दिलंच नव्हतं, नुसता त्याचा उल्लेख केला होता. जुना कंपायलर भाबडा. उल्लेख झाला, की तो क्लासला गदागदा हलवून उठवायचा. नव्याचं म्हणणं, काम असेल तर उठवतो, उगाच झोपमोड कशाला? आणि जावाचा नियम नव्याच्या बाजूनं होता.

"कंपायलरच्या माथी मारलं तर कुणाला कळतंय?" काकूंनी मला हळूच विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. मला तरी कुठे कळलं होतं!

काकू तडक केबिनमध्ये गेल्या. "चूक माझी आहे."

साहेबच गडबडले. "अहो, कंपायलरचीही असेल."

"नाही. तो बरोबर आहे. मी गाढव आहे."

साहेबांनी शब्द पाळला आणि प्रोग्रॅम टायला दिला. मला त्यांचा असा राग आला, की दोन दिवस मी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

टाय अवघडून काकूंच्या टेबलापाशी आला. काकूंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. त्या उठल्या, आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस," त्या म्हणाल्या. "पण आधी हात धुऊन ये."