गंगाधरचा मातीचा पावशेर

गंगाधर गेल्याची बातमी मला लातूरहून आली. आता बघा, दवाखाना नांदेडचा, गंगाधर नांदेडचा, मी त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा... आणि बातमी आधी गेली ती लातूरला, माझ्या मुलाला, अरविंदला. दवाखान्यात भरती होताना ‘जवळचं माणूस कोण’ असं विचारलं, तेव्हा गंगाधरनं अरविंदचं नाव सांगितलं होतं. जन्मभर ज्याच्या शेजारच्या वर्गात उभा राहून मी खडू झिजवले, त्याला मी आठवलो नाही. खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर आधी रडू आलं नाही, आधी अंगाचा तिळपापड झाला. आता महिना होऊन गेला. लोक भेटतात, ‘तुमचे मित्र गेले हो’ म्हणतात. मित्र तर होताच. पण जितका मी त्याच्यावर जळलो तितका दुसऱ्या कुणावर जळलो नाही, आणि तो मेला म्हणून ते थांबलंय असंही नाही.

निजामी अमदानीची ती अखेरची वर्षं. आमची शाळा तहतानिया, म्हणजे चौथीपर्यंतची. हजिरीपासून मुआयन्यापर्यंत सगळा कारभार उर्दूत, पोरांना शिकवायचं तेवढं मराठीत. चौथी माझ्याकडे होती. माझ्या वर्गाचे पावकी, निमकी, दीडकीचे पाढे रस्त्यावर ऐकू यायचे, आणि जाणारा माणूस घटकाभर थांबायचा. गंगाधर आला भोकरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातून. पहिलीचा वर्ग कुणालाच नको असायचा. त्या वयाच्या पोरांची नाकं पुसण्यातच दिवस जातो, म्हणून तो वर्ग त्याच्या गळ्यात मारला. त्यानं तो आनंदानं घेतला, तिथंच मी त्याला ओळखायला पाहिजे होतं. इम्तिहान झाला की उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत जे पंधरा-वीस दिवस उरत, त्यात आम्ही सगळे मागचंच घोकून घ्यायचो. हा पठ्ठ्या पाट्या गोळा करून कोपऱ्यात ठेवायचा आणि पोरांना गोदावरीवर न्यायचा. तिथून टोपल्यांत चिखल यायचा. मग बैल, चुली, जाती. फुटक्या मडक्यांत पेरलेले मूग. शिंदीच्या पानांच्या चटया... त्या कालव्यानं माझ्या वर्गातली दीडकी बुडायची आणि माझी पोरं खिडकीकडं माना वळवायची. एकदा मी जाऊन म्हणालो, “गंगाधर, ही शाळा आहे का कुंभारवाडा?” कोपरापर्यंत चिखलात बुडालेला तो माणूस हसून म्हणाला, “या की नाना, तुम्हीबी एक बैल करा. तुमचा लई मारका हुईल!” पोरं खिदळली.

आणि त्याच साली माझा अरविंद त्याच्या वर्गात गेला.

घरी मी त्याला पाढे घ्यायला बसवलं की पोरगं मुकं. बे चोक विचारलं तरी खाली मान. एखादी चापट बसली की आणखीनच मुकं. आणि संध्याकाळी आईपुढं बसलं की याची टकळी सुरू: गुरुजी असं म्हणले, गुरुजींनी तसं केलं, गुरुजी आज आमच्यासंगं चिखलात बसले. घरात एक गुरुजी बसलाय याची त्याला दादही नसायची. पुढं पुढं तो हात मागं बांधून, जरा डावीकडं कलून चालायला लागला. नाक माझं, रंग माझा, आणि चाल त्या भोकरच्या माणसाची! त्याची आई, आमची कमल, म्हणायची, “चालेना का, पोर शाळेत हसत जातंय ना?” हसत जात होतं, हेच तर दुखणं होतं.

त्या वर्षी गंगाधरनं पोरांचा बाजार मांडायचं ठरवलं. वाण्याकडून खरी लोखंडी वजनं आणली. तागडीच्या एका पारड्यात लोखंड, दुसऱ्यात ओला चिखल; दांडी सरळ झाली की त्या चिखलाचा गोळा थापायचा. असे पावशेर, अदपाव, छटाक करून भिंतीवर वाळत घातले. चार दिवसांनी लिंबाखाली बारदान अंथरून दुकानं लागली, फुटाण्यांची, चिंचेची, बोरांची. आणि नेमके त्याच दिवशी नाझरसाहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला आले. शेरवानी, हातात छडी, चेहरा असा की आमच्या हेडमास्तरांच्या तोंडाला कोरड पडली. मी मनात म्हटलं, आता याचा कुंभारवाडा निघतो! साहेब लिंबाखाली खुर्चीवर बसले, तोच आमच्या अरविंदनं भांडण काढलं. त्यानं मातीच्या पावशेरानं तोललेले फुटाणे घेतले होते, आणि उगीच चाळा म्हणून ते लोखंडी पावशेराला लावून बघितले, तर कमी भरले. “तू चोर हायस!” अरविंद त्या दुकानदार पोराला म्हणाला. “न्हाई रे, तुझ्यापुढंच तोलले!” ते पोर रडायला लागलं. दुसऱ्या दुकानातला माल लोखंडाला लावून बघितला, तोही कमी. सगळाच बाजार चोरांचा निघाला. मी पुढं होऊन अरविंदचा कान धरणार, इतक्यात तो भिंतीकडं बघून हळूच म्हणाला, “दुकानदार न्हाई चोर. चिखलातलं पाणी उन्हानं नेलं.”

साहेबांना एका मास्तरनं ते उर्दूत सांगितलं. साहेब खुर्चीवरून उठलेच. “शाबास! बेटा, इधर आओ.” पोरगं त्या छडीला घाबरलं आणि पळालं. मी दोन पावलांवर उभा होतो. हात पुढं केलेलेच होते मी. ते माझ्या हाताखालून निघालं, अंगण ओलांडून गेलं आणि गंगाधरच्या धोतरामागं लपलं. माझे हात तसेच राहिले...

पुढं कितीतरी वर्षांनी मी गंगाधरला विचारलं, “वजनं हलकी होणार, हे तू मुद्दाम केलं होतंस ना?” तो म्हणाला, “खरं सांगू नाना? मलाबी ठावं नव्हतं. गडबडच झाली ती.” म्हणजे चूक! माझ्या वर्गात निमकीचा एक आकडा चुकला तर साहेबांचा शेरा पडायचा, आणि याच्या चुकीला शाबासकी मिळाली, वर माझा मुलगा मिळाला. अरविंद इंजिनियर झाला आणि पाटबंधारे खात्यात माती तपासायच्या कामावर लागला. ओली माती तोलायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची. पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन आला तेव्हा माझ्या घरी मुक्कामाला आला खरा, पण पुडा फुटलेला होता. आधी कुठं जाऊन आला हे विचारायची गरजच नव्हती.

गंगाधरची बायको तरुणपणीच गेली. मूलबाळ नाही, मागंपुढं कोणी नाही. गंगाधर गेला त्या दिवशी अरविंद लातूरहून आला, गंगाधरच्या ओसरीवर सगळी जमलेली, तिथं माझ्यापुढं बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “नाना, अग्नी मी देऊ का? तुम्ही हयात असताना मी हे करू नये म्हणतात. तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार.” नात्याचा ना गोत्याचा, जातीचाही नाही... सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. कमल माझ्या मागं बसली होती. नाही हा शब्द अगदी ओठांवर आला होता माझ्या. पण तो बे चोक विचारल्यावर बसायचा तसा मान खाली घालून बसला होता, आणि या वेळी काहीतरी मागत होता. जन्मात पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं काही मागितलं असेल. मी “दे” म्हणालो.

गोदावरीच्या घाटावर न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं, मिशी काढली. बाप जिवंत असताना मुलाची मिशी उतरत नसते. अरविंदनं मडकं खांद्यावर घेतलं, फेरे घातले, आणि चितेनं पेट घेतला तेव्हा तो चांगला बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडला, पहिलीतल्या पोरासारखा. माझ्या वेळी तो कसा रडेल, हे मला कधीच दिसायचं नाही. गंगाधरसाठी रडला ते मात्र पुढं उभं राहून पाहिलं.

हल्ली दर रविवारी तो लातूरहून येतो, समोर बसून चहा पितो, तब्येत विचारतो. मिशी अजून पुरती भरलेली नाही. मी पेपर तोंडासमोर धरतो आणि कडेनं त्या उघड्या ओठाकडं बघत बसतो.