आवाजाला इंजिन

माझ्या थोरल्या साडूंइतका भुताखेतांची सोय बघणारा माणूस उभ्या कोपरगाव तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. विश्वास आहे की नाही या भानगडीत ते पडत नाहीत. दारात आलेल्याला, मग तो कुणीही असो, पाणी विचारावं आणि बसायला काहीतरी द्यावं, एवढंच त्यांना कळतं. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला हा माणूस शेतकऱ्यांचे अर्ज ज्या थंडपणानं घ्यायचा, त्याच थंडपणानं अमानवी गोष्टीही दाखल करून घेतो. मी पडलो नगरचा आणि स्वभावानं भित्रा. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की दिवेलागणीपर्यंत माझं बरं चालतं.

त्यांचे वडील तात्या हे गोदाकाठच्या गावांतून फिरणारे डॉक्टर. त्यांच्याकडे इटालियन बनावटीची एक जुनी गाडी होती. गोल पाठीमुळे तिला सगळा मुलूख 'डुक्कर' म्हणायचा, आणि 'डॉक्टर डुकरातनं आले' हे वाक्य आजारी माणसंसुद्धा आदरानं बोलायची. तात्या गेले, गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली, आणि कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर निवांत अंडी घालू लागल्या. गोष्ट इथंच संपायची, पण गेल्या वर्षी साडूंच्या आईला ती गाडी ऐकू यायला लागली. रोज दिवेलागणीला कॅनॉलच्या पुलावर गिअर बदलायचा, आवाज फाटकापर्यंत यायचा आणि बंद व्हायचा. म्हातारी उठून फाटकात जायची, कुणी दिसलं नाही की आणखी थोडी पुढं. एकदा ती कॅनॉलच्या अगदी काठावर, पाण्याकडे तोंड करून उभी सापडली. दुसऱ्या कुणी आईला दवाखान्यात नेलं असतं आणि फाटकाला कुलूप लावलं असतं. साडूंनी दोन्ही केलं. गोळ्यांनी काही झालं नाही, आणि कुलूप लावलं तर म्हातारी फाटक धरून रडायची, तेव्हा त्यांनी ते काढून टाकलं आणि मला फोन केला. म्हणाले, "नुसता आवाज येतोय, पाव्हणं. त्याला गाडी न्हाई. म्हणून आई हुडकत पुढं जाती. आवाजाला इंजिन दिलं, की फाटकातच थांबंल ती." आणि आयुष्यात कधी पाना हातात न धरलेल्या या माणसानं डुकराचं इंजिन खोलून थेट माजघरात आणलं.

त्या घरात नंतर काही महिने जे चाललं, ते माझ्या मेहुणीलाच विचारावं. झोपाळ्यावर इंजिनाचा वाकडातिकडा जड दांडा, क्रँकशाफ्ट, जुन्या धोतरात गुंडाळून निजवलेला असायचा आणि पाहुण्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. पिस्टनमध्ये पिन बसवायची तर पिन गार आणि पिस्टन गरम पाहिजे, असं साडूंना मोबाईलवर कुणीतरी शिकवलं, तेव्हा पिना फ्रीजरमध्ये गेल्या आणि पिस्टन गॅसवर चढले. "बटाटे म्हणून झाकण काढलं, तर आत हे," मेहुणी मला सांगत होती, "मीठ टाकणार हुते मी." इंजिनाच्या जोडांमध्ये घालायची पॅकिंगं ते जाड कागदातून कात्रीनं कापत, आणि त्यासाठी त्यांना लग्नपत्रिकेइतका चांगला कागद कुठला मिळाला नाही. पत्रिका आली की आधी बोटांत धरून बघायचे. जाड असली तर म्हणायचे, "माणसं चांगली दिसत्यात, जायला पाहिजे लग्नाला." पातळ पत्रिका पाठवणाऱ्या सख्ख्या मावसभावाकडे ते फिरकले नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला मी गेलो तर मलाही कामाला जुंपलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, मांडीवर घ्यायचं, त्यातल्या व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावून त्याची काठी दोन्ही तळव्यांत धरायची आणि रवीनं ताक घुसळावं तशी फिरवत बसायचं. संध्याकाळी तेच करत होतो, तेव्हा कॅनॉलच्या पुलावर गिअर बदलल्याचा आवाज आला. कुणी पाहुणे आले असं वाटून मी मान वर केली. आवाज जवळ येत गेला, आणि समोरच्या ट्रेमधल्या ऑईलवर बारीक थरथर उठली. रस्त्यावर काही नव्हतं. क्रँक झोपाळ्यावर, पिस्टन पातेल्यात आणि हेड माझ्या मांडीवर. म्हातारी उठून बाहेर गेली, मेहुणी तिच्या मागं गेली, आणि साडू मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरला ठोका हाय. तात्यांनी पिस्टनच्या रिंगा कधी बदलल्याच न्हाईत." नंतर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः नव्या कोऱ्या रिंगा आणून ठेवल्या होत्या. "आपलं लई सुधं चालंल, पाव्हणं. आईला पटायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी झिजलेल्या रिंगा भंगारातून शोधून, रॉकेलनं धुऊन त्यांनी पुन्हा चढवल्या. इंजिन बिघडावं म्हणून इतक्या मायेनं राबणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

संक्रांतीनंतर इंजिन गाडीत बसलं आणि चालूही झालं. साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. संध्याकाळी ते गाडी घेऊन लांब गेले आणि त्या ठरलेल्या वेळेच्या जरा आधी परत फिरले. पुलावर गिअर बदलला. ठोका तोच, जिथल्या तिथं. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी तात्याच आले म्हणालो असतो. गाडी फाटकात थांबली, साडू खाली उतरले.

म्हातारी म्हणाली, "कुणाची रं ही गाडी?"

"आपलीच, आई. तात्यांची. नीट केली."

तिनं बॉनेटवरून हात फिरवला. "लई छान झाली. पर वाटंतनं बाजूला घे, बाबा. त्यांची यायची येळ झाली. त्यांनी कुठं लावायची मग?"

मला साडूंकडे बघवेना. साडू नुसतं "व्हय, आई" म्हणाले आणि त्यांनी गाडी शेवग्याखाली नेऊन उभी केली. दार लावतायत तोच पुलावर गिअर बदलला. म्हातारी निघाली. साडू हातही न पुसता तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. "इथनंच बघू की," म्हणाले. ती थांबली. इतके महिने या वेळेला ते आत इंजिनावर वाकलेले असायचे, बायको मागून धावायची, आणि हे एवढं सोपं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आवाज अजून रोज येतो. म्हातारी फाटकाच्या पुढं जात नाही, कारण साडू शेजारी उभे असतात. परवा मी गेलो तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं माझाही हात धरला. आवाज अगदी आमच्या पायांपाशी येऊन बंद झाला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण हात सोडवून घ्यावासा वाटला नाही.