धाकटीचं इंजिन

माझी धाकटी जाऊ पोळी लाटता लाटता मध्येच थांबायची, लाटणं तसंच हातात धरून कान टवकारायची आणि म्हणायची, "आता बंद पडते पाहा." आणि भिंतीपलीकडचं इंजिन खरोखरच दोन-चार आचके देऊन बंद पडायचं. मग ती काही झालंच नाही अशा थाटात पोळी तव्यावर टाकायची. माझी पोळी तोवर करपलेली असायची, कारण मीही कान देऊन ऐकत राहिलेली असायचे आणि मला काडीचा फरक कळलेला नसायचा.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि गल्लीत इंजिनबाई. हे दुसरं नाव मीच ठेवलं होतं, टोमणा म्हणून. तिला ते इतकं आवडलं की ती स्वतःच चारचौघींत सांगत सुटली. तिच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं. मी टोला मारावा आणि तिनं तो दागिन्यासारखा अंगावर घालून मिरवावा. मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ती गेली तरी तो गेलेला नाही.

धरमपेठेत आमची पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या मागे घर. सासूबाई गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोनच गोष्टींचा अभिमान होता: मोठ्या सुनेच्या हातचा स्वयंपाक आणि चक्कीचं विलायती डिझेल इंजिन. पाहुणा पानावर बसला की आधी माझ्या वड्यांचं कौतुक व्हायचं आणि हात धुतल्यावर त्याला इंजिनघरात नेलं जायचं. "एक सिलिंडर, आठ घोड्यांची ताकद, मिनिटाला साडेसहाशे फेरे," असं मामाजी मुलाच्या परीक्षेचा निकाल सांगावा तसे सांगायचे. "याले ठिणगी लागत नाही. हवाच इतकी दाबते का तेल आपोआप पेटते." आधी मी आणि मग इंजिन, असा तो क्रम होता, आणि मला तो फार आवडायचा.

मग धाकट्या भाऊजींचं लग्न झालं आणि ही घरात आली. नरखेडकडची. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन चालवायचे आणि त्यांचं राहतं घर इंजिनघराला लागून होतं. इतर पोरी अंगाई ऐकत झोपतात, ही इंजिनाच्या ठोक्यावर झोपलेली. स्वयंपाक तिला बेताचाच यायचा. वरणात मीठ विसरायची, आणि कोणी बोललं तर हसत म्हणायची, "घ्या ना वरून, मीठ काय पळून गेलं?" मी मनात म्हटलं, ही काही माझ्या वाटेत येत नाही. तिथंच चुकले.

लढाईच्या दिवसांत आमचा इंजिन चालवणारा माणूस लष्कराच्या वर्कशॉपात भरती झाला. दुसरा मिळेना, कारण सगळेच मिस्त्री तिकडे गेलेले. पौषातल्या एका सकाळी हे आणि भाऊजी दोघंही हँडल मारून मारून घामाघूम झाले, तरी इंजिन ढिम्म हलेना. चक्कीपुढे डबे घेऊन बायकांची रांग लागलेली. धाकटी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "त्याले थंडी वाजून राहिली. आधी गरम पाणी टाका टाकीत." मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. एरवी सुनेनं तिथं तोंड उघडलेलं त्यांना खपलं नसतं, पण रांग वाढत होती. गरम पाणी म्हणजे कोणतं? तर मी अंघोळीसाठी तापवून ठेवलेला माझा हंडा. तो इंजिनात गेला. मग तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला, आतला दाब मोकळा करणारी वरची दांडी उचलून धरली आणि भाऊजींना म्हणाली, "फिरवा जोरानं. मी म्हणेन तोवर थांबू नका." चाकानं वेग घेतला तशी तिनं दांडी सोडली. इंजिनानं एक ठोका दिला, मग दुसरा, आणि सुरूच झालं. बाहेरच्या बायका हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी गार पाण्यानं अंघोळ केली.

तेव्हापासून क्रम बदलला. मामाजी सकाळी चहा माझ्या हातचा घ्यायचे, पण घोट घेता घेता विचारायचे, "धाकटी कुठं आहे?" नात्यागोत्यात कुजबुज झाली, घरची सून तेलात हात घालते म्हणून. मामाजी एवढंच म्हणाले, "चक्की चालून राहिली ना? मग झालं." माझ्या बाजूनं कोणी कधी एवढं ठाम बोललं होतं का, ते मी खूप आठवून पाहिलं.

ती शिकवायची सगळ्यांना, विचारो न विचारो. मी डाळ निवडत असले तरी शेजारी येऊन बसायची आणि सुरू व्हायची. धूर म्हणजे इंजिनाची जीभ, असं तिचं म्हणणं. "काळा आला तं त्याले हवा भेटून नाही राहिली. पांढरा आला तं तेल नीट जळून नाही राहिलं. निळा आला तं समजा, आपलंच वंगण खाऊन राहिलं." मी म्हटलं, मला कशाला सांगतेस हे, मला का चक्कीवर बसायचंय? तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमचा धूर निळा येऊन राहिला." मी सूप आपटून उठले. ती मागून म्हणाली, "राग नका मानू वं बाई, थट्टा केली." थट्टा कसली, नेमकं बोट ठेवलं होतं.

एकदा इंजिन सारखं अडखळायला लागलं. तिनं सांगितलं, डिझेलमध्ये कचरा आहे, आत तेल उडवणारा फवारा तुंबतोय, मऊ कापडातून तेल गाळून घ्यायला हवं. संध्याकाळी मी पाहिलं तर मऊ कापड म्हणजे माझं पहिल्या दिवाळसणाचं लुगडं. विरलं होतं, पण मी ते घडी करून पेटीत ठेवलं होतं. ऊन द्यायला वाळत टाकलेलं, तिनं उचललं आणि फाडलं. मी आकांडतांडव केलं. मामाजी म्हणाले, "जाऊ दे सूनबाई, जुनंच तं होतं. आता पाह्य कसं सुरळीत चालून राहिलं." इंजिन खरंच सुरळीत चालत होतं. माझ्या लुगड्यातून गाळलेलं तेल पिऊन ते धाकटीच्या नावानं ठोके देत होतं. रात्री तिनं स्वतःचं नवं कोरं लुगडं माझ्या गादीवर आणून ठेवलं. ते मी नेसले नाही आणि परतही केलं नाही.

पण खरी गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी इंजिन धुऊन पुसून त्याची पूजा व्हायची आणि दसऱ्याला मुहूर्तावर ते सुरू व्हायचं. सासूबाईंनंतर पूजेचं ताट माझ्या हाती होतं. घरात तोच एक मान उरला होता जो मोठ्या सुनेचा म्हणून माझाच होता. त्या वर्षी मामाजी सहज बोलून गेले, "यंदा पूजा धाकटी करंल. इंजिन तिच्याच भरवशावर आहे." मी ताट पुसत होते, तशीच पुसत राहिले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पूजाच आहे, काय फरक पडतो?" पुरुषांना काय फरक पडणार?

धाकटीला कळलं असावं. ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच करा पूजा. मले मंत्र-बिंत्र काही येत नाही." मला ते करायचंच होतं, जीव तुटत होता. पण तिनं दिलं म्हणून घ्यायचं? मी म्हटलं, "ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐक. मला उसना मान नको." ती ताट उचलून गेली.

मग तिनं पूजा केली, आणि कशी केली म्हणता. नवरदेव सजवावा तसं इंजिन सजवलं. चाकाला हळदकुंकवाचे पट्टे, टाकीला आंब्याची डहाळी, आणि वर निघालेल्या नळीला झेंडूचे हार, एकावर एक, अगदी बाशिंग बांधल्यासारखे. सगळे बघायला आले. मी प्रसाद वाटला.

दसऱ्याला मुहूर्तावर हँडल मारलं. इंजिन लागलं, पण लगेच धापा टाकायला लागलं. काळाकुट्ट धूर, ठोका मंद, आणि थोड्या वेळात बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सोनं घेऊन आलेले सोयरे, शेजारी, सगळे दारात. धाकटीनं फवारा काढला, पुसला, लावला. तेल तपासलं. तेलाच्या नळीतली हवा काढली. तिच्या कपाळावर घाम आला. मामाजी अस्वस्थ होऊन येरझारा घालत होते. मी मागे उभी होते आणि पहिल्यांदाच माझं डोकं शांत होतं. काळा धूर. काळा म्हणजे हवा नाही. मी वर नळीकडे पाहिलं. इंजिन ज्या तोंडानं श्वास घेतं त्याच तोंडावर तिनं हार बांधले होते. स्वतःच्या हातानं सजवलेल्या जागेवर तिची नजर ठरतच नव्हती.

मी पुढे झाले, हार उपसले आणि नळीच्या तोंडात बोट घातलं. आत झेंडूच्या पाकळ्यांचा बोळा बसला होता. तो मी सगळ्यांसमोर बाहेर काढला आणि म्हटलं, "त्याला हवा मिळत नव्हती."

आता ती ओशाळेल, असं मला वाटलं. मी त्या क्षणाची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू? पण धाकटी माझ्या हातातल्या बोळ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "माझ्या बाईनं शोधलं पाहा. मी याच्या घशात फुलं कोंबली आणि तेल तपासत बसली." तिचं हसणं पाहून मामाजी हसले, सोयरे हसले, दारातल्या बायका हसल्या. इंजिन सुरू झालं. शोध माझा होता, पण कित्येक वर्षं लोक सांगत राहिले ते धाकटी कशी हसली होती ते. मी शोधलं म्हणून कोणी सांगत नाही.

लढाई संपल्यावर वाटण्या झाल्या. चक्की आणि इंजिन आमच्याकडे आलं, रामटेकजवळची धानाची शेती भाऊजींकडे. मला हवं होतं ते सगळं मिळालं. ती इंजिनघरात जाऊन रडेल म्हणून मी पाहत होते. ती गेलीच नाही. बैलगाडीत बसताना माझा हात धरून म्हणाली, "येत जा वं बाई रामटेकले. तिथं इंजिन नाही, निवांत बोलू." मी हो म्हटलं. फार तर दोनदा गेले असेन.

मामाजी आमच्याकडेच राहिले. त्यांची नजर अधू झाली होती, दिवसभर ओसरीवर खाटेवर पडून असायचे. एका दुपारी मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते आणि विळी सोडून अचानक उठले. का उठले ते चक्कीपाशी पोचल्यावर कळलं. इंजिनाचा आवाज जड झाला होता, आतून काहीतरी टकटकत होतं. नव्या मिस्त्रीला मी दारातूनच ओरडले, "बंद कर गा, पाणी फिरून नाही राहिलं त्याच्यात. हात लावून पाहा, वरची नळी गार लागंल आणि डोकं तापून राहिलं." त्यानं हात लावून पाहिलं आणि घाईघाईनं इंजिन बंद केलं. विहिरीच्या जड पाण्याचा खडूसारखा थर नळीत साचला होता.

ओसरीवरून मामाजींचा आवाज आला. ते कोपरावर उठून बसले होते आणि चेहरा उजळला होता. "कोण वं? धाकटी आली काय?"

मी म्हटलं, "नाही मामाजी, मी आहे."

"हं, हं," ते म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

ही गोष्ट मी धाकटीला तिच्या शेवटापर्यंत सांगितली नाही. सांगायला हवी होती, असं लोक म्हणतील. म्हणोत. ती ऐकून केवढ्यानं हसली असती ते मला ठाऊक आहे, आणि खोलीतले सगळे पुन्हा तिच्याकडेच बघत बसले असते. मीसुद्धा.