तळ्याकाठची रांग

ब्राउनश्वाइगजवळच्या मोटरहोम, म्हणजे राहत्या गाड्यांच्या, मेळाव्यात एका वृद्ध जर्मन गृहस्थांची जुनी गाडी संयोजकांनी तळ्याकाठच्या रांगेतून काढून शौचालयाशेजारी लावायला सांगितली. कारण काय, तर रांगेची शोभा जाते! नियमावलीत गाडीच्या वयाविषयी एकही कलम नाही. माझीही गाडी त्याच रांगेत होती. मी तिथेच दोन पानी तक्रार लिहून सहीसाठी त्या गृहस्थांपुढे धरली. ते आपल्या गाडीची आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

"आल्झो... म्हणजे असं बघा, सही केली तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत," ते हळूच म्हणाले. "बायको गेल्यापासून मला हीच माणसं आहेत."

माणसाच्या एकटेपणावर चालणारी ही कसली शिस्त?

ती तक्रार मी फाडली. नवी स्वतःच्या नावाने लिहिली: माझी गाडीही तितकीच जुनी असताना मला तळ्याकाठी जागा कोणत्या कलमान्वये दिली? लेखी उत्तर मिळेपर्यंत माझी गाडीही शौचालयाशेजारीच उभी राहील.