पगार कमी झाल्याचे पेढे

"काकू, ॲडव्हान्स मिळेल का हो?"

निखिल दारातच उभा होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मे महिना, कॅनडातल्या मार्कहॅममधल्या आमच्या ऑफिसमागचं तळं बर्फातून मोकळं झालेलं, आणि काठावरच्या गवतातून गीजची, म्हणजे रानहंसांची, पिवळी पिल्लं आईमागे डुलत चाललेली. दर वसंतात माझं असंच व्हायचं. समोर पाचशे लोकांचे पगार आणि माझं मन त्या पिल्लांबरोबर. पेरोलच्या बाईला शोभत नाही, पण खरं आहे.

"ॲडव्हान्स? अरे बाप्पा! ही काय तुमच्या सांगलीची पतपेढी आहे का?"

तो हसला नाही. म्हणून मी त्याला आत बसवलं.

त्याची बायको ऋचा डेंटिस्ट. सांगलीत तिचं स्वतःचं क्लिनिक होतं. आदल्या वर्षी दोघं इथे आले. त्याला आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. तिला मात्र इथे दात बघायचे तर पहिल्यापासून परीक्षा द्यायच्या होत्या. लेखी ती पास झाली होती. आता प्रॅक्टिकल. फी भलीमोठी, आणि ती उन्हाळा संपेपर्यंत भरली नाही तर जागा जाणार, पुढचं वर्ष वाया.

"थोडे कमी पडतायत. महिन्याअखेर हातात काही राहतच नाही," तो म्हणाला.

मी बॉसला, लिंडाला, विचारून पाहिलं. ती म्हणाली, "नो ॲडव्हान्सेस, सुनंदा. नॉट इव्हन फॉर नाइस बॉईज." मग मी निखिलचा टीडी-वन काढला.

हे जरा सांगायला हवं. पगार हातात येण्याआधीच आम्ही त्यातून टॅक्स कापतो आणि सरकारला पाठवतो. किती कापायचा हे मी ठरवत नाही. नोकरीला लागताना तुम्ही एक फॉर्म भरता, टीडी-वन, तो ठरवतो. नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न नसेल, तर तसं त्यात लिहायचं, म्हणजे दर पगारातून टॅक्स कमी कापला जातो. नाही लिहिलं तर जास्तीचा कापला जातो, आणि पुढच्या वसंतात रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून परत येतो. लोक रिफंडची स्वप्नं बघतात. कुणाला त्यात क्रूझ दिसते, कुणाला सोफा. अहो, तो तुमचाच पैसा. सरकारनं वर्षभर बिनव्याजी वापरला आणि परत दिला, त्यात हुरळून जाण्यासारखं काय आहे?

निखिलचा फॉर्म बघून मी कपाळावर हात मारला. बायकोची ओळ कोरी. आणि आजारी नातलगांना सांभाळणाऱ्यांसाठी जी ओळ असते, तिथे सांगलीतले आईवडील!

"ते आजारी आहेत का रे?"

"छे छे! बाबा रोज पोहायला जातात."

"पैसे तू पाठवतोस?"

"नाही हो, त्यांची पेन्शन आहे की. पण मुलगा आहे मी. आईवडिलांची जबाबदारी माझीच ना?"

धन्य! ती ओळ इथे राहणाऱ्या, आजारी माणसांसाठी असते. म्हणून फॉर्म तपासणाऱ्या बाईनं ती खोडून ठेवली होती. फॉर्ममधून आईवडील गेले आणि बायको तर आलीच नव्हती.

"ऋचाला का नाही लिहिलंस?"

त्यानं मान खाली घातली. "फॉर्म विचारतो, तुम्ही हिला सपोर्ट करता का. काकू, लग्नानंतर दोन वर्षं माझं घर तिच्या कमाईवर चाललं. मी एमएस करत होतो. आता मी हो म्हणून सही करू? तिला काय वाटेल?"

 खरं सांगते, राग आला आणि भरूनही आलं. आईबापांना पोसतो म्हणून मिरवायला हा तयार, पण बायकोच्या बाबतीत एका चौकोनातही तिचा मान कमी व्हायला नको.

"हा फॉर्म आज बदललास तर पुढच्या पगारापासून हातात जास्त येईल," मी म्हटलं. "मागचं कापलेलं रिफंडमध्येच येणार. पण उन्हाळ्यापर्यंत तुझा खड्डा भरतो. नाहीतर सगळं पुढच्या वसंतात मिळेल. तेव्हा तू रिफंड घेऊन काय करणार, गीजना चणे घालणार?"

"विचार करतो," म्हणाला आणि गेला.

दोघांत एकच गाडी. त्या शुक्रवारी ऋचा त्याला न्यायला लवकर आली आणि तळ्याकाठच्या बाकावर बसली. मीही जेवणाचा डबा घेऊन तिथेच गेले. ऊन कोवळं होतं, पाणी हलत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"काकू, तुम्ही उजवीकडूनच चावता. डावी दाढ तडकलीय. सुपारी ना?"

"अगं बाई! तोंड न उघडताच कळलं?"

ती हसली, मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मला रोज एकच स्वप्न पडतं. माझी खुर्ची, वरचा दिवा, पेशंट. मी म्हणते, आ करा. आणि तेवढ्यात जाग येते. बेसमेंटमध्ये, शेजारी सरावाचे प्लॅस्टिकचे दात. या वर्षी परीक्षा होईलसं वाटत नाही. निखिल काही बोलत नाही, पण पैसे जमत नाहीयेत, दिसतं मला."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण पेरोलच्या माणसाच्या तोंडाला कुलूप असतं. एकाचा कागद दुसऱ्याला सांगायचा नाही, बायकोलाही नाही. मी पोळीचा घास गिळला आणि निखिलला फोन लावला. "खाली ये. तळ्यापाशी. तुझ्या बायकोला काय सांगायचंय ते तू सांग. मी डबा खाते."

तो आला. अडखळत सगळं सांगितलं. ऋचाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

"म्हणजे माझ्या मानासाठी तू माझी परीक्षा बुडवत होतास?"

"तसं नाही गं—"

"तू शिकत होतास तेव्हा मी तुझी फी भरली. तेव्हा तुझा मान गेला होता का?"

 तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "निख्या, माझी वेळ आहे आता. मला सांभाळू दे की कुणीतरी! लिही. आणि नीट अक्षरात लिही."

त्यानं त्याच दुपारी फॉर्म बदलला. फी वेळेत भरली. पहिल्यांदा ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास.

दोन हिवाळे गेले. माझ्या रिटायरमेंटला थोडे दिवस उरले होते. निखिल दारात उभा. या वेळी हातात खोका.

"काकू, नवा टीडी-वन द्या. ऋचाची ओळ काढायची. सोमवारपासून ती क्लिनिकमध्ये लागतेय."

"पगार कमी येईल हं हातात. टॅक्स जास्त कापीन मी."

"कापा की!" तो म्हणाला. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "भरपूर कापा!"

इतकी वर्षं पेरोल केलं. टॅक्स वाढला म्हणून भांडायला आलेले शेकड्यांनी पाहिले. पेढे घेऊन आलेला हा एकच. मी पेढा घेतला. तो म्हणाला, "उजवीकडून खा. डावीकडची अपॉइंटमेंट तिनं लिहून ठेवलीय."

पुढच्या आठवड्यात मी तिच्या खुर्चीत आडवी झाले. वरचा दिवा लागला. ती क्षणभर थांबली, जाग येतेय का बघितल्यासारखी.

"आ करा, काकू."

मी आ केलं. ती पुढे वाकली.

मला एवढंच सांगायचंय. घरातलं कमावणं बदललं की फॉर्म त्याच आठवड्यात बदला, नाहीतर एप्रिलमध्ये रिटर्न भरताना रडाल. आणि कुणाला सांभाळतो किंवा कुणी सांभाळतं हे लिहायला लाजू नका, ओळी बदलत राहतात. आणि सुपारी खाऊ नका. दाढेवरचा क्राऊन फार महाग पडतो.